झूव्हे, मीशेल
झूव्हे, मीशेल : (१६ नोव्हेंबर १९२५–३ ऑक्टोबर २०१७). फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिक. जन्म पूर्व फ्रान्समधील लाँ-ल-सोनिये येथे. मेंदू जागृतीसारखा सक्रिय पण शरीर शिथिल असलेल्या झोपेच्या अवस्थेसाठी ‘विरोधाभासी निद्रा’ ही संज्ञा त्यांनी रूढ केली आणि या अवस्थेचे मूळ मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागात) असल्याचे प्रयोगांनी दाखविले. वैद्यकाचे शिक्षण ल्याँ येथे झाल्यावर १९५०–६० या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेत तंत्रिकावैज्ञानिक होरेस मॅगून यांच्याकडे काम करीत होते. मोरुत्सी व मॅगून यांनी १९४९ मध्ये मस्तिष्कस्तंभातील जालिकारचनेचा (तंत्रिका पेशींच्या जाळ्याचा) जागृतीशी असलेला संबंध मांडला होता. झूव्हे यांचे पुढील सर्व संशोधन त्याच वाटेने ल्याँमध्ये झाले.

विरोधाभासी निद्रेच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. ॲझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो येथे माणसाच्या झोपेतील जलद नेत्रचलनाची नोंद प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये डिमेंट यांनी मांजरांच्या झोपेत जागेपणासारखे जलद, कमी उंचीचे मस्तिष्क-विद्युत्-तरंग नोंदविले. क्लाउए यांच्या १९३७ च्या निरीक्षणांतही अशा अवस्थेच्या खुणा आढळतात, मात्र तेव्हा त्यांचा अर्थ लावला गेला नाही. तेव्हा अवस्था प्रथम पाहिली ती इतरांनी, हे मान्य करावे लागते. परंतु शिकागोच्या वर्गीकरणात ती हलक्या झोपेचाच एक प्रकार गणली जात होती. झूव्हे व फ्रांस्वा मीशेल यांनी १९५९ मध्ये ती जागृती व मंदतरंग निद्रा (मेंदूचे तरंग संथ असलेली झोप) यांहून वेगळी, तिसरी अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. त्यास निर्णायक आधार मिळाला तो स्नायूंच्या नोंदींचा. प्रमस्तिष्क-बाह्यक (मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर) काढलेल्या मांजरांत बाह्यकाचे तरंग मिळणे शक्य नसल्याने मानेच्या स्नायूंची विद्युत्-क्रिया नोंदविली जात होती. झोपेत ती ठराविक काळाने पूर्णपणे नाहीशी होते, असे दिसून आले. मेंदूचे तरंग जागृतीचे, शरीर मात्र पूर्ण शिथिल आणि प्राण्याला जागे करणे अवघड, हाच नावातील विरोधाभास होय. पॉन्सच्या (मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाच्या) पुढील मेंदूचा भाग वेगळा केला तरी हे शैथिल्य टिकून राहते. त्यावरून त्याची यंत्रणा पॉन्स व त्याखालील भागात असल्याचा निष्कर्ष निघाला.

झूव्हे व देलोर्म यांनी १९६५ मध्ये लोकस सेरुलियस या पॉन्समधील पेशीसमूहाच्या परिसरातील ऊतक नष्ट केले असता या निद्रेत स्नायू शिथिल होईनासे झाले. झोपलेली मांजरे डोके उचलीत, दबा धरीत, समोर काही नसताना झडप घालीत. प्रत्यक्ष दाखविलेल्या वस्तूकडे मात्र लक्ष देत नसत. झूव्हे यांनी यास स्वप्नवर्तन म्हटले. मांजराला स्वप्न पडते असे यावरून सिद्ध होत नसले, तरी एरवी दडपले जाणारे हालचालींचे आदेश मेंदूत तयार होतात एवढे निश्चित होते. शैथिल्याचे नियंत्रण लोकस सेरुलियसपेक्षा त्याच्या लगत खालील पेशी करतात, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. शेंक व महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये माणसांत असाच विकार वर्णिला. पुढे त्यातील अनेकांना पार्किन्सन रोग किंवा तत्सम विकार होतो असे आढळल्याने या प्रयोगांचे वैद्यकीय मोल वाढले.

निद्रेची रासायनिक उपपत्ती त्यांनी १९६९ व १९७२ मधील विस्तृत लेखांत मांडली. राफे केंद्रके (मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिन हे तंत्रिका-रसायन तयार करणारे पेशीसमूह) नष्ट केल्यास किंवा पॅराक्लोरोफेनिलॲलानिनाने सेरोटोनिनाची निर्मिती रोखल्यास मांजर झोपेनासे होते, आणि ज्यापासून शरीरात सेरोटोनिन बनते ते ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन दिल्यास झोप परतते. त्यामुळे सेरोटोनिन निद्राजनक ठरविले गेले. तथापि मॅकगिंटी व हार्पर यांनी १९७६ मध्ये राफेतील पेशी जागेपणी सर्वाधिक सक्रिय आणि विरोधाभासी निद्रेत जवळजवळ निःशब्द असल्याचे दाखविले. मूळ स्वरूपात ही उपपत्ती आज स्वीकारली जात नाही. झोपेचे नियमन ठराविक पेशीगट व त्यांच्या रसायनांद्वारे शोधण्याची दिशा मात्र तिनेच दिली.

मेंदूमृत्यूच्या विद्युतीय निदानावरील त्यांचे काम १९५९ मधील आहे. लाफाँ प्रयोगशाळेत विकसित झालेले मोडाफिनिल हे जागे ठेवणारे औषध निद्राक्रमण (दिवसा अचानक झोपेचे झटके येण्याचा विकार) व अतिनिद्रा यांच्या रुग्णांना देऊन पाहण्यात त्यांचा पुढाकार होता. विरोधाभासी निद्रेत व्यक्तीचा आनुवंशिक स्वभाव पुन्हा पक्का होतो, असेही त्यांनी सुचविले. या कल्पनेस पुरेसा प्रायोगिक आधार मिळालेला नाही. ते १९७७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले व १९८९ मध्ये त्यांना फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राचे सुवर्णपदक मिळाले.