सगळ्या टेबलांवर एकदम परवानगी
डेटाबेसमधल्या एखाद्या युजरला एकेक टेबल धरून ग्रँट (परवानगी देणारी कमांड) लिहीत न बसता सगळ्या टेबलांची परवानगी एका कमांडमध्ये द्यायची, ते हे काम. ग्रँट आणि परवानगी काढून घेणारं रिव्होक आयबीएमच्या सिस्टिम आर प्रोजेक्टमधून १९७० च्या दशकात आले, पण 'सगळी टेबलं' म्हणायची तऱ्हा प्रत्येक डेटाबेसने आपापली काढलीय.

मायएसक्यूएलमध्ये डेटाबेसच्या नावापुढे डॉट आणि स्टार टाकला की झालं, उद्या बनणारी टेबलंपण त्यात आली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्कीमावरच, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांच्या गटावरच, ग्रँट देता येतं. ओरॅकलवाल्यांनी मात्र वर्षानुवर्षं लूप फिरवून एकेका टेबलाला ग्रँट दिलंय, स्कीमावर थेट द्यायची सोय २३ व्या आवृत्तीत आली.

खरी मेख पोस्टग्रेसमध्ये. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून तिथे 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा' चालतं, पण यातलं ऑल म्हणजे कमांड मारली तेव्हा जी टेबलं होती तेवढीच. समजा फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानाचा हिशेब त्यावर आहे, महाजन, देणग्या, अग्रशाळेतल्या खोल्या अशी टेबलं, ऑडिटरला सगळी फक्त वाचायला दिली, आणि जत्रेच्या तोंडावर डेव्हलपरने पावत्यांचं नवं टेबल केलं, तर ऑडिटरला तिथे 'परमिशन डिनाइड'च दिसणार. त्यासाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' वेगळं चालवावं लागतं, आणि तेही ज्या रोलच्या (म्हणजे युजरच्या किंवा युजरगटाच्या) नावाने लिहिलं त्याच रोलने टेबल बनवलं तर लागू होतं, म्हणजे ॲडमिनने आपल्याच लॉगिनवरून चालवलं आणि टेबल बनवणार डेव्हलपर, तर काहीच होत नाही, 'फॉर रोल' लावून डेव्हलपरचं नाव घालायलाच हवं. बरेच जण इथेच अडकतात.

शिवाय स्कीमावर यूसेज, म्हणजे त्यात शिरायची परवानगी, नसेल तर टेबलांचं ग्रँट असून नसल्यासारखं. सिरियल कॉलम, म्हणजे आपोआप नंबर पडणारा कॉलम, असलेल्या टेबलात इन्सर्ट करायचं तर ते नंबर देणाऱ्या सिक्वेन्सचीही परवानगी लागते.

वैतागून 'ऑल प्रिव्हिलेजेस' देऊन मोकळे होणारे असतातच, पण त्यात ट्रंकेटही जातं, म्हणजे बघायला आलेला माणूस देणग्यांचं अख्खं टेबल रिकामं करू शकतो, कशाला ते?

पोस्टग्रेसच्या २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून 'पीजी रीड ऑल डेटा' हा तयार रोल मिळतो, त्यात स्कीमाचं यूसेज आणि पुढची टेबलं सगळं आलं. फक्त तो एका डेटाबेसपुरता नसतो, त्याच सर्व्हरवर दुसऱ्या देवस्थानाचा डेटाबेस असेल आणि कनेक्ट, म्हणजे त्याला जोडायची परवानगी, बंद केलेली नसेल तर ऑडिटर तोही वाचू शकतो.