हिऱ्याचा पहारा

हिरा विजेचा पक्का निरोधक. त्याच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धातूचा मुलामा देऊन 500 व्होल्टचा दाब लावला, तरी आतून जवळजवळ काहीच वाहत नाही. मात्र एखादा विद्युतभारित कण आरपार गेला, तर तो वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे करत जातो आणि मागे रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, उरतात. दोघे विरुद्ध दिशांना ओढले जातात आणि काही नॅनोसेकंदांचा विजेचा स्पंद उमटतो. त्यावरून कण गेल्याचं कळतं, म्हणजे हिरा कणांचा शोधक बनतो.

स्पंद क्षीण असतो, हे मान्यच करायला हवं. इलेक्ट्रॉन-होलची अशी एक जोडी सुटायला हिऱ्यात सुमारे 13 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं सूक्ष्म एकक) लागतात, नेहमीच्या शोधकांतल्या सिलिकॉनमध्ये 3.6 पुरतात. तरीही हिरा का? कारण किरणोत्साराच्या माऱ्यात सिलिकॉनचे अणू जागचे हलतात, मग कण आला नसतानाही त्यातून प्रवाह झिरपतो आणि तो रोखायला सिलिकॉन गार ठेवावा लागतो. हिऱ्यातले बंध चिवट. तोही झिजतोच (अविनाशी वगैरे काही नसतो), पण साध्या तापमानालाही गप्प बसतो. अशा शांततेत क्षीण स्पंदही ऐकू येतो.

या गुणांचा सुरेख वापर सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या ‘ॲटलस’ प्रयोगात झाला. तिथे प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर आदळवतात. टकरीच्या जागेपासून दोन्ही बाजूंना 1.84 मीटरवर हिऱ्याचे शोधक बसवले. टकरीतून उडालेले कण दोन्हीकडे एकाच वेळी, साधारण 6 नॅनोसेकंदांनी पोहोचतात. झोतातून भरकटलेले कण मात्र आधी एका बाजूला लागतात आणि सुमारे 12 नॅनोसेकंदांनी दुसऱ्या. एवढ्या फरकावरून खरी टक्कर कोणती आणि बिघडलेला झोत कोणता, हे कळतं. धोका वाढला तर झोत काढून टाकण्याचा इशाराही देता येतो.

रेडिओथेरपीत किरणोत्साराची मात्रा मोजायलाही हिरा सोयीचा, कारण हिरा म्हणजे कार्बन आणि कार्बनचा अणुक्रमांक 6 शरीरातल्या ऊतींच्या जवळचा आहे, म्हणून तो किरणोत्सार साधारण ऊतींसारखाच शोषतो.

हे हिरे खाणीतले नसतात. नैसर्गिक हिऱ्यांतल्या अशुद्धीचा भरवसा नाही, म्हणून मिथेन आणि हायड्रोजनच्या तप्त प्लाझ्मातून (विद्युतभारित कणांच्या वायूतून) ते थरावर थर वाढवतात. स्वस्तातल्या चकत्या अनेक स्फटिकांच्या असतात. त्यांच्यातल्या दोषांत मोकळे झालेले इलेक्ट्रॉन अडकतात आणि स्पंद आणखी घटतो. त्यावरचा उपाय मजेशीर आहे. वापरण्याआधी हिऱ्यावर मुद्दाम किरणोत्सार सोडतात, म्हणजे हे सापळे आधीच भरून जातात.