गुराख्याकडून सोडवून आणलेलं गाणं

हंगेरीच्या ईशान्येला नॉज्यकाल्लो नावाचं गाव आहे. तिथे ज्यूंच्या हसिदी या भक्तिपंथाचे गुरू, म्हणजे रेब्बे, यित्झाक आयझिक ताउब राहत. १८२१ साली ते वारले. त्यांच्या समाधीला आजही भाविक येतात. ‘सोल ऑ कॉकॉश मार’, म्हणजे ‘कोंबडा आरवू लागला’, हे गाणं त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पण ते त्यांनी रचलेलं नाही. आख्यायिका अशी, की रानात एक गुराखी पोर ते गात होतं. रेब्बेंनी पैसे मोजून गाणं विकत घेतलं. तत्क्षणी त्यांना ते मुखोद्गत झालं, आणि पोराला एक ओळही आठवेना.

हा सौदा कळायला सोळाव्या शतकात, आजच्या इस्रायलमधल्या त्झफात (इंग्रजीत ‘सफेद’) नावाच्या नगरीत जावं लागतं. तिथे ज्यू गूढवादी इसाक लुरिया (१५३४–१५७२) शिकवत: सृष्टीच्या आरंभी ईश्वरी प्रकाश धरणारी पात्रं फुटली आणि त्याच्या ठिणग्या क्षुद्रातल्या क्षुद्र वस्तूंतही अडकून पडल्या. त्या सोडवणं हे माणसाचं काम. हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव (मृत्यू १७६०) आणि त्यांच्या शिष्यांनी ही पंडितांची गूढविद्या जेवणाच्या पानापर्यंत, नाचापर्यंत आणि निगुनपर्यंत आणली. निगुन म्हणजे हसिदींची भक्तीची सुरावट, पुष्कळदा शब्दांवाचून गायची. ठिणगी कुठेही असू शकते, तर गुराख्याच्या तोंडी का नसावी? तेव्हा रेब्बेंनी केली ती खरेदी नव्हे. दाम भरून बंदिवान सोडवला.

मुळात ती साधी विराणी. पहाट होतेय, हिरव्या रानात पाखरू फिरतंय, गाणारा त्याला थांब म्हणतोय. देवाने नेमलं असेल तर मी तुझाच. रेब्बेंच्या परंपरेत हे पाखरू झालं शेखिना, आपल्या लोकांबरोबर परागंदा झालेलं देवाचं सान्निध्य. मग भेट कधी? इथे हंगेरियन गाणं एकदम हिब्रूत शिरतं: जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं राहील, सियोन नगरी, म्हणजे जेरुसलेम, भरून जाईल, तेव्हा. दोन भाषांमधला सांधा लपवायची कुणाला गरज वाटली नाही. रेब्बेंच्याच नावावरच्या दुसऱ्या एका गाण्यात दूर गेलेल्या गुलाबाची शेखिना झाली आहे आणि अफाट रानाचा वनवास.

पोराने गाणं विसरावं, हे मला मात्र खटकतं. लुरियांच्या हिशेबाने ठिणगी निघाली की टरफल रिकामंच राहणार, हे खरं. तरी त्या पोराचं काय?

१९४४च्या मे ते जुलै या काळात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना नेण्यात आलं, बहुतेकांना आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत. १९९३ साली मुझिकाश या हंगेरियन लोकसंगीत-चमूने आजच्या रोमानिया-युक्रेन सीमेवरच्या मारामारोश भागातल्या ज्यूंचं संगीत ध्वनिमुद्रित केलं, त्यात हे गाणंही आहे. चालींसाठी ते गेले वयोवृद्ध रोमा (जिप्सी) वादकांकडे. एके काळी ज्यूंच्या लग्नांत तेच वाजवत असत.