बीबी का मकबरा: पांढरं ते सगळं संगमरवर नव्हे

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पायथ्यापासून कळसापर्यंत संगमरवरी आहे, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. दुरून तसंच वाटतं. प्रत्यक्षात मुख्य इमारतीत संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधल्या भिंती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या बेसॉल्टच्या असून त्यांवर बारीक घोटलेला गिलावा आहे. संगमरवर दूर राजस्थानातून आणावं लागे. काळा दगड इथलाच.

चौथऱ्यावर उभं राहून नजर खालून वर न्या. संगमरवरात लाद्यांचे सांधे आणि दगडातल्या शिरा दिसतात. गिलाव्याला सांधे नसतात. केसासारख्या भेगा, पावसाचे काळपट ओघळ, कुठे पोपडे दिसतात. नखाने मात्र खरवडू नका, गिलावा सुटतो. त्यातली उठावाची वेलबुट्टी जरूर निरखा. ती कारागिरी संगमरवराइतकीच मोलाची आहे.