रोलिंग स्टोन्स

रोलिंग स्टोन्स : लंडनमध्ये १९६२ साली सुरू झालेला आणि अजूनही वाजवत असलेला इंग्लिश रॉक बँड. म्हातारे झालेले रॉक बँड तिकीटबारीवर कसे चालतात, ही चर्चा बहुधा याच बँडपासून सुरू होते. मराठी वाचकाला निम्मे उत्तर नाटकाच्या जाहिरातीतल्या दोन शब्दांत सापडेल : ‘नव्या संचात’.

गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स (दोघांचा जन्म १९४३) हे केंटमधल्या डार्टफर्डचे, लहानपणी एकाच शाळेतले. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्थानकाच्या फलाटावर त्यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगर यांच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डी होत्या. ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या शैलीचे, हेच वेड बँडचे आणखी एक संस्थापक, गिटारवादक ब्रायन जोन्स यांनाही होते. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. बँडचे नावही मडी वॉटर्स यांच्या एका गाण्यावरून घेतलेले. विशीच्या आसपासची ही पोरे सुरुवातीपासूनच आपल्याहून वडीलधाऱ्यांचे संगीत वाजवत होती. ब्लूजचा गायक सत्तरीत गायला तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. तारुण्याची अट आहे ती रॉकला. स्टोन्स या बाबतीत ब्लूजच्याच घराण्यातले, आणि त्यांच्या टिकण्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

वादनाची घडणही वयाला सोसवणारी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून रिचर्ड्स बऱ्याच गाण्यांसाठी गिटारची सर्वांत जाड, सहावी तार काढूनच टाकू लागले. उरलेल्या पाच तारा ‘ओपन जी’त लावलेल्या असतात : डाव्या हाताने काहीही न दाबता तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ वाजतो, आणि एक बोट आडवे टाकले की दुसरा मिळतो. त्यावर आणखी दोन बोटे ठेवली-उचलली की स्टोन्सची ओळखीची ठेच ऐकू येते. यात बोटांच्या चपळाईपेक्षा ती ठेच नेमकी कुठे पडते याला महत्त्व. ड्रमवादक चार्ली वॉट्स स्नेअर या ड्रमवर ठोका देताना हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात क्षणभर उचलून घेत. त्या मोकळ्या जागेमुळे ताल किंचित मागे रेलल्यासारखा वाटे. बहुतेक बँड ड्रमच्या मागून चालतात, स्टोन्स गिटारच्या मागून.

धंद्याच्या बाजूला कलाटणी मिळाली १९८९ मध्ये. त्याआधी जॅगर आणि रिचर्ड्स यांच्यात बेबनाव झाला होता आणि १९८२ नंतर दौराच निघाला नव्हता. ‘स्टील व्हील्स’ दौऱ्याच्या वेळी मायकल कोल या कॅनेडियन आयोजकाने शहरोशहरीच्या स्थानिक आयोजकांशी वेगवेगळे व्यवहार करण्याऐवजी आख्खा दौराच घेतला : तिकिटे, टी-शर्ट, प्रायोजक, सगळे एका हाती. मोठ्या दौऱ्यांचा हा पुढे शिरस्ताच झाला. २००५ ते २००७ मधल्या ‘अ बिगर बँग’ दौऱ्याने सुमारे ५५.८ कोटी डॉलर जमवले. तो तेव्हाचा विक्रम होता. दौऱ्यांना इतके महत्त्व येण्याला आणखी एक कारण आहे. १९६०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क बँडकडे नाहीत. ते माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या ॲबको कंपनीकडे गेले.

टी-शर्टवरची लाल जीभ, म्हणजे बँडचे बोधचिन्ह, जॉन पॅश या कलाविद्यार्थ्याने १९७० मध्ये काढली, मोबदला ५० पौंड. जॅगर यांनी त्याला कालीमातेचे चित्र दाखवले होते. बाहेर आलेली जीभ तिथली. जिभेचे मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतले.

संच मात्र सतत बदलत आला. जोन्स १९६९ मध्ये वारले, गिटारवर मिक टेलर आले आणि गेले, १९७५ मध्ये रॉन वुड आले. बेस वाजवणाऱ्या बिल वायमन यांनी १९९३ मध्ये निरोप घेतला. त्यांच्या जागी १९९४ च्या दौऱ्यापासून डॅरिल जोन्स वाजवतात, पण एवढ्या वर्षांनंतरही ते अधिकृत सदस्य नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये वॉट्स गेले आणि सप्टेंबरात स्टीव्ह जॉर्डन यांच्यासह दौरा सुरूही झाला. हे काहींना निष्ठुर वाटले. पण संगीत नाटकाचा प्रेक्षक कथानक पाठ असूनही पदांसाठी, हक्काच्या ‘वन्स मोअर’साठी जात असे, स्टोन्सचा श्रोता १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी जातो. नवे गाणे लागले की बरेच जण खाण्यापिण्याच्या स्टॉलकडे वळतात, ही ज्येष्ठ बँडच्या कार्यक्रमांतली जुनी गंमत.

भारतात हा बँड एप्रिल २००३ मध्ये आला : ४ तारखेला बंगळूर, ७ तारखेला मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. त्याच दौऱ्यातले चीनमधले कार्यक्रम सार्सच्या साथीमुळे रद्द झाले, आणि शांघायच्या रसिकांना २००६ पर्यंत थांबावे लागले.

२०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा हा १८ वर्षांतला पहिला अल्बम. त्याच्या २०२४ मधल्या अमेरिका दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशी गाठलेल्या अमेरिकनांची संघटना. ही पन्नाशी जॅगर आणि रिचर्ड्स यांनी १९९३ मध्येच गाठली होती.