क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणून किडनी सुखरूप?

हृदयाच्या बायपास ऑपरेशनमध्ये किडनीला इजा होऊ शकते. तरी त्यासाठी मुंबई-कोल्हापूरला निघालेल्याला रत्नागिरी-देवगडकडे हमखास सांगतात, "क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग किडनीची काळजी नको." हे खरं नाही. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; तो स्नायूंतून येतो, म्हणून स्नायू कमी तर तोही कमी. सत्तर वर्षांच्या, अंगाने वाळलेल्या आजीचं १.१ रिपोर्टात नॉर्मल दिसतं. वय धरून हिशेब केला की किडनीची गाळण्याची क्षमता साठच्या खाली, म्हणजे कमी, निघते. शिवाय हृदयाच्या ऑपरेशनआधी किडनीचा धोका गुणांत मोजणाऱ्या २००५ च्या क्लीव्हलँड क्लिनिक स्कोअरमध्ये इन्सुलिनवरचा मधुमेह, हृदयाचं कमी पंपिंग, झडपेची किंवा तातडीची शस्त्रक्रिया यांनाही गुण आहेत. (तो अंदाज फक्त ऑपरेशननंतर डायलिसिस लागेल का, एवढ्यापुरता.) ऑपरेशननंतरही क्रिएटिनिन उशिराच चढतं. म्हणून आयसीयूत नर्स लघवी तासातासाला मोजते: ६० किलोच्या माणसाला सलग सहा तास ताशी ३० मिलीपेक्षा कमी झाली, तर किडनीला इजा धरतात. गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही किडनीला इजा होऊ शकते; त्या चालू असतील तर सर्जनला आधीच सांगा.