‘गुऱ्हाळ’ चौथ्यांदा वाचताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण पोरांचं वाचन घ्यायला संध्याकाळी चटया टाकून बसतो. माझ्यासमोर बसणारा पोरगा चौथीत आहे. तोंडी हिशेबात पक्का, बोलायला लागला की थांबत नाही. परवा त्याच्यापुढे वाक्य आलं, ‘गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत रस उकळत होता.’ तो ‘गु’ म्हणाला, ‘ऱ्हा’पाशी अडला, मग ‘ळ’, ‘व’, ‘र’ असं करत कसाबसा शेवटाला पोचला. मी विचारलं, “काय उकळत होतं रे?” तो नुसता पुस्तकाकडे बघत राहिला.

कोल्हापुरातल्या पोराला गुऱ्हाळ ठाऊक नाही, असं कसं होईल? शब्द ओळखीचाच होता. अक्षरं जुळवण्यात सगळं लक्ष खर्ची पडलं, अर्थासाठी काही उरलंच नाही. अशा मुलाला ‘ढ’ म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

आपली कार्यरत स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी आणि त्याही काही सेकंदच धरून ठेवते. वाचन रखडलं की वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात निसटलेली असते. लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हेच मांडलं: शब्द ओळखणं आपोआप व्हायला लागलं की लक्ष अर्थासाठी मोकळं होतं. सरावलेल्या वाचकाच्या मेंदूत, डाव्या बाजूला खालच्या अंगाला, लिखित शब्द पटकन ओळखणारा एक भाग तयार झालेला असतो. तो जन्मतः तयार मिळत नाही, वाचून वाचूनच घडतो.

त्यात आपली लिपी. ‘काहिलीत’मधल्या ‘हि’ची वेलांटी कागदावर ‘ह’च्या आधी, उच्चारात मात्र नंतर. ‘सूर्य’मधला ‘र’ बोलताना ‘य’च्या आधी येतो आणि लिहिताना त्याच्याच डोक्यावर बसतो. ‘राष्ट्र’मध्ये तोच ‘र’ पायाशी, आणि ‘गुऱ्हाळ’मध्ये त्याचं आणखी वेगळंच रूप. बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचता आलं, हा समज म्हणूनच फसवा आहे. आपल्यासारखीच अक्षररचना असलेल्या कन्नडमध्ये झालेल्या अभ्यासातही अक्षरांवर पकड बसायला चौथी-पाचवी उजाडते, असं दिसलं आहे.

उपाय साधा आहे. सॅम्युअल्स यांनीच १९७९ मध्ये तो लिहून ठेवला: छोटा उतारा मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचायचा. पुढे २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने आधीचे अभ्यास तपासले, तेव्हा कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली असं मोठ्याने वाचल्याने अस्खलितपणा आणि आकलन दोन्ही सुधारतात, असं आढळलं. त्यासाठी बी.एड. लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवले, जी मुलं वर्गाला आली, त्यांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं. अडचण एवढीच, की आलेली मुलं थोडी होती. आमचाही अनुभव तोच. शिकवण्यापेक्षा पोरांना रोज चटईवर आणणं जास्त अवघड, म्हणून मी आधी त्यांच्या आयांशी ओळख काढते.

बाकी पथ्यं थोडीच. उतारा असा घ्यावा, की वीस शब्दांत एखादाच अडेल. मूल अडलं की लगेच शब्द पुरवू नये, मनात पाचपर्यंत मोजावं. आधी आपण एकदा लयीत वाचून दाखवावं. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. मोजावंही, पण महिन्यातून एकदा. पोरांसमोर रोज घड्याळ धरलं की ती धावतात आणि अर्थ मागे राहतो.

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत आलं पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. शाळेत आलेलं पोरगं वाचतं झालं पाहिजे, एवढं तरी आपण उचलायला हवं.

परवा चौथ्या वेळी ते वाक्य एका दमात आलं. पोराने मान वर केली. “मावशी, आमच्या मामाचं पण हाय की गुऱ्हाळ!” आणि काहील केवढी असते, ते दोन्ही हात पसरून दाखवायला लागला.